गोधडीत नसलेलं रफू

१

गोधडीत एखादी सुई राहून गेली असली तर? या एका धास्तीपायी स्नेहलने ती दुकानातल्या चटईवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून तिच्यावरून तळहात फिरवायला सुरुवात केली. काठाकडून आत, आतून मधोमध.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ," दुकानदार सुनील गल्ल्यामागून म्हणाला. "अख्ख्या महाडची पोरं आमच्या गोधड्यांवर लोळतात. आजपर्यंत एकालापण सुई टोचलेली नाय."

"टोचल्यावर कळून काय उपयोग?" मान वर न करता स्नेहल म्हणाली.

दारात सेजलला कडेवर घेऊन हर्षद उभा होता. बायकोचा हात असा फिरायला लागला की मध्ये बोलायचं नाही, हे तो बाळंतपणापासून शिकला होता. आंघोळीचं पाणी ती आधी स्वतःच्या कोपरावर घ्यायची. खेळण्याचं चाक दातांनी ओढून बघायची. लेक अजून धड चालत नव्हती, पण ती पडेल अशा सगळ्या जागा आईला पाठ होत्या.

सुई सापडली नाही. पण गोधडीच्या मध्यावर तिचा हात थबकला. तिने ती उलटी केली, खालच्या बाजूने चाचपली, पुन्हा सुलटी केली.

"रफू कुठंय?"

"कसलं रफू?" सुनीलने विचारलं.

"माझ्या आईच्या साडीला रफू होतं. उदबत्तीने भोक पडलं होतं आणि हिरवा दोरा मिळाला नाही म्हणून तिने ते पिवळ्या दोऱ्याने भरलं होतं. मी सांगून गेले होते, बाकी काही करा, पण ते रफू मधोमध आलं पाहिजे. सेजलचा हात तिथे पडला पाहिजे."

 कापड बेतायच्या पाटाशी बसलेल्या चंपाबाई, सुनीलची आत्या, चष्मा पुसत म्हणाल्या, "विरलं असंल गो. जुनं कापड. धुताना गेलं असंल."

"भोक विरून जातं का मावशी? रफू गेलं तर भोक उरेल. इथे भोकही नाही."

सुनीलने गल्ल्यामागून बाहेर येऊन गोधडीकडे पाहिलं. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईकडे. तिथे सारिका होती, कापडे गावाच्या वरच्या वाडीतून येणारी. गोधडी तिनेच शिवली होती आणि आज सकाळच्या एसटीने आणून दिली होती.

"म्हणजे तुकडा मारलास," सुनील म्हणाला. "रफूचा भाग, आजूबाजूचं कापड, सगळं ठेवून घेतलंस. मागच्या टायमाला पोलादपूरच्या बाईचं कापड कमी भरलं, तेव्हापण मी गप बसलो. बस झालं. उद्या दुपारपर्यंत घरी असतील नसतील ते सगळे कपडे आणून दे. पुन्हा दुकानाची पायरी चढू नको."

सारिकाचा चेहरा उतरला, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. ती सुनीलशी बोललीच नाही. सरळ स्नेहलकडे वळली.

"वयनी, माझ्या हातात जी साडी आली, तिला रफूच नव्हतं."

२

पुण्याहून कोकणात उतरताना ते महाडला जेवायला म्हणून थांबले होते, तेव्हा ही सगळी सुरुवात झाली. जेवण झाल्यावर हर्षद गाडीत डुलकी काढायला गेला आणि स्नेहल सेजलला घेऊन बाजारपेठेत फिरली. अनोळखी गावात शिरलं की ती आधी कापडाच्या दुकानात डोकवायची. प्रत्येक गावचं हाताने केलेलं काहीतरी घरी न्यायचं, असा तिचा नेम होता. चवदार तळ्याला एक फेरी झाली, भांड्यांची दुकानं झाली, आणि एका दुकानाबाहेर टांगलेल्या गोधड्या दिसल्या. बारीक धावदोरा, चारी कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळाचं फूल.

तिथेच तिला सुचलं. आईचं हिरवं इरकल, लाल काठाचं, बॅगेत होतं. सेजल जन्मायच्या आधीच आई गेली आणि तेव्हापासून ते इरकल स्नेहलच्या प्रत्येक प्रवासात उगाच बरोबर असायचं. कपाटात पडून राहण्यापेक्षा नातीच्या अंगावर जाऊ दे. वर, खाली, आतल्या घड्या, सगळं त्याच साडीचं. परतीच्या वाटेवर न्यायचं ठरलं.

आता लॉजच्या खोलीत बसून ती तो दिवस पुन्हा आठवत होती.

"आत्ता निघालो तर उजेडात घाट चढून होईल," हर्षद म्हणाला.

"मी साडी घेतल्याशिवाय महाड सोडणार नाही."

"अगं, एवढासा तुकडा..."

"तुकडा नाही. त्या बाईने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. तुकडा कापणारी म्हणेल की विरला, हरवला. हिने सांगितलं की रफू नव्हतंच. असं खोटं कोण बोलेल, जे कुणालाच पटणार नाही?"

हर्षदने बूट काढले. त्याचं एवढं तरी होतं, हरलेली बाजू तो लवकर सोडायचा.

त्या दिवशी दुकानात कोण होतं? सुनील. त्याची आत्या चंपाबाई, साडी हातात घेणारी आणि शिवायला जाणाऱ्या कापडाची बोचकी बांधणारी. आणि गॉगल कपाळावर चढवलेला एक माणूस, प्रवीण, मुंबईला जुन्या साड्या नेऊन त्यांची जाकिटं शिवून विकणारा. त्याने तर तोंडावर विचारलं होतं, "ताई, कापताय कशाला? मला द्या. असं हातमागाचं इरकल आता मिळत नाही." स्नेहलला तेव्हा त्याचा राग आला होता. आता संशय आला.

सेजल पेंगुळली होती आणि गोधडीकडे हात करत होती. पण नवं कापड न धुता बाळाच्या अंगावर घालायचं, हे स्नेहलकडून होणं शक्य नव्हतं. तिने लॉजची बादली घासून घेतली, कोमट पाणी सोडलं आणि गोधडी बुडवून दाबली.

रंग जातो का ते बघायला ती वाकली. पाणी हिरवं झालं नाही. लालही नाही.

पाणी गढूळ झालं. तिने गोधडी पिळून बाजूला घेतली आणि बादली तशीच राहू दिली. थोड्या वेळाने तळाशी मऊ, पिवळट, पिठासारखा थर बसला. तिने तो चिमटीत घेतला.

गाळ होता तो. नदीचा गाळ.

तिच्या आईची साडी पुण्यात सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर आयुष्यभर राहिली होती.

३

सकाळी गोधडी वाळल्यावर स्नेहलने नखं कापायच्या छोट्या कात्रीने एका कडेची शिवण उसवली. हर्षद सेजलला केळं भरवत होता.

"ही आईची साडीच नाही," ती म्हणाली. "तुकडा चोरला नाही कुणी. अख्खी साडी बदलली. तसंच हिरवं, तसाच काठ, म्हणून मलासुद्धा कळलं नाही. हे बघ."

आतल्या घडीत कापडावर एक तपकिरी रेघ होती. पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. रेघेच्या एका बाजूचं हिरवं ताजं होतं, दुसऱ्या बाजूचं मळकं.

"डाग?" हर्षदने विचारलं.

"डाग असा सरळ पडत नाही."

खाली खाणावळीत प्रवीण मिसळ खात बसला होता. लॉजवाल्याने सांगितलं होतं की तो दर वेळी इथेच उतरतो. स्नेहल सरळ समोरच्या बाकावर जाऊन बसली. कडेवरच्या सेजलने त्याच्या पावाकडे हात केला, त्याने अर्धा पाव मोडून दिला, आणि स्नेहलने तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

"माझी साडी बदलली गेली," ती म्हणाली. "तुम्हाला हवी होती."

प्रवीण चिडला नाही. उलट हसला. "हवी होती, म्हणून तर तोंडावर मागितली. चोरणारा आधी मागणी घालतो का ताई? लगेच सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार."

"मागितल्यावर मिळाली नाही, म्हणून बदलली असेल."

"आणि तिच्या जागी ठेवायला तशीच दुसरी कुठून आणू? तशी दुसरी असती तर तीच नसती विकली?"

स्नेहलने उसवलेली कड त्याच्यापुढे धरली. त्याने हात रश्श्याचा म्हणून मागे घेतला, नुसतं वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"इथल्या बाजारपेठेतली," तो म्हणाला. "म्हणून मी महाडातल्या साड्या घेतच नाही. एकवीस सालानंतर नाय. धुवा, वाळवा, दोन महिन्यांनी वास परत येतो. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकतं. मी वरच्या गावांत जातो, डोंगरात, जिथं पाणी चढलं नाय."

"पाणी?"

त्याने चमच्याने खाणावळीच्या भिंतीकडे दाखवलं. रंगाच्या दोन हातांखालूनही ती दिसत होती, दाराच्या चौकटीच्याही वर. सरळ, तपकिरी रेघ.

४

पोलादपूर ओलांडून कापड्याकडे वळलं की रस्ता भातखाचरांतून जातो. कापणी होऊन गेलेली होती, खाचरांत नुसते सड उरले होते. वाडी मात्र त्याच्याही वर. हर्षदने गाडी पारापाशी लावली आणि पुढची चढण स्नेहलने सेजलला पोटाशी बांधून पायी काढली. चढताना ती मागे वळून बघत राहिली. नदी पार खाली, चांदीच्या सुतळीएवढी. इथे पूर यायचा तर आधी अख्खा तालुका बुडावा लागेल.

सारिकाची सासू ठकूबाई ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. पाहुणे कोण ते कळताच सूप खाली आपटलं.

"आणखी काय राह्यलंय? चोरीचा शिक्का कालच्या गाडीनं आला हितवर. कंडक्टरनं सांगितलं, मग काय, घराघरात पोचलं. वाडीतल्या बायका सकाळपासून आपापली शिवायला दिलेली फडकी परत न्यायला येतात. पोरगा मुंबयला, त्याला फोनवर काय सांगू गो मी?"

"मावशी, मी चोरी शोधायलाच आलेय. सारिकाची नाही."

ठकूबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोर उन्हाची आणलीस. टोपी नाय घातलीस तिला."

टोपी होती, सेजलने वाटेत फेकली होती. स्नेहलला एरवी हे लागलं असतं. आता ती नुसती म्हणाली, "बरोबर आहे," आणि ओटीवर बसली.

सारिका आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मागे दोरीवर निम्मी शिवलेली एक वाकळ होती. दुपारी दुकानात परत द्यायची.

"बोचकं तुला कुणी दिलं?"

"चंपाआत्यानीच. दर वेळी त्याच बांधून देतात. मी ते हितं आणून सोडते."

"साडी कशी होती?"

सारिकाने सासूकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाली, "वास होता. मातीचा. आणि रेघ होती एक. मला वाटलं, तुमच्या घरात कुठं पाणी शिरलं असंल. कुणाच्या आयशीची साडी, नाव कशाला ठेवा? दोनदा धुतली. रेघ निघंना, मग ती आतल्या घडीत घेतली. बाळाच्या अंगाला लागू नये म्हणून."

"हे काल दुकानात का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमच्या साडीला वास हाय, असं गिऱ्हाईकाच्या तोंडावर? मग काम तसंही गेलंच असतं."

ठकूबाई मध्येच बोलली, "माझी सून एक दोरा ठेवत नाय कुणाचा. उरलेला दोरापण रिळाला गुंडाळून परत देती. मीच ओरडते तिला."

"आता ओरडू नका," स्नेहल म्हणाली. "सारिका, दुपारच्या गाडीने तू येणारच आहेस ना महाडला? ये. पण कपडे परत करायची घाई करू नको. मी दुकानात असेन."

"सुनीलदादा घेतील मला परत?"

"तुला ठेवायचं की नाही ते त्याने ठरवावं," स्नेहल उठत म्हणाली. "पण चोर म्हणून तू काही तिथून बाहेर पडणार नाहीस."

गाडी उताराला लागल्यावर हर्षदने विचारलं, "कळलं कोण?"

"कळलं. साडी कुठे आहे तेही बहुतेक कळलं. पण का, ते कळत नाही."

५

चंपाबाईंचं घर बाजारपेठेमागच्या गल्लीत होतं, नदीच्या बाजूला. सुनीलचं दुकान नवं, तो पुरानंतर मुंबई सोडून आला आणि नव्या भिंती रंगवून त्याने ते थाटलं. तिथे रेघ नव्हती. या गल्लीत मात्र प्रत्येक भिंतीवर ती होती, एकाच उंचीवर, घरामागून घर. काल स्नेहल याच गल्लीतून गेली होती आणि तिला ओल आल्यासारखं वाटलं होतं, एवढंच.

चंपाबाईंनी दार उघडलं. सेजलला बघून त्यांचा चेहरा आधी उजळला, मग सावध झाला.

"ये गो. चा टाकते."

"नको मावशी."

घर लख्ख होतं, पण विचित्र. जमिनीलगत काहीच नव्हतं. कपाटाचे खालचे खण रिकामे. पेटी नाही, पलंगाखाली एक चिंधीसुद्धा नाही. सेजल रांगत सुटली आणि स्नेहलला पहिल्यांदाच तिच्या मागे धावावं लागलं नाही, कारण तिच्या हाताला लागेल असं काही नव्हतंच. सगळं वर होतं. वाशाला टांगलेली बोचकी, भिंतीत उंचावर मारलेल्या फळ्या, आणि त्याच्याही वर माळा.

"हे सगळं वर का ठेवलंय?"

"कुठं वर?" चंपाबाईंनी खरंच गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. "असंच ठेवतो आमी."

"आणि ती रेघ?" स्नेहलने भिंतीकडे बोट केलं.

"कंची? हां, ती. पुराची." त्यांनी हात झटकला. "ती काय, सगळीकडंच हाय. आता दिसत नाय आमाला."

"हो ना. म्हणूनच तुमच्या लक्षात आलं नाही."

तिने पिशवीतून गोधडी काढली, उसवलेली कड उलगडली आणि चंपाबाईंच्या मांडीवर ठेवली. बाहेर भाजीवाल्याची आरोळी जवळ आली आणि लांब गेली.

"ही साडी पुरात बुडाली होती," स्नेहल म्हणाली. "सारिकाच्या वाडीवर पूर चढू शकत नाही. प्रवीण पुराची साडी हातात घेत नाही. सुनील तेव्हा मुंबईत होता, त्याचं दुकान नंतरचं. बोचकं तुम्ही बांधलं. आणि मावशी, बुडालेली साडी माणूस फेकून देतो. ही कुणीतरी धुतली, वाळवली आणि इतकी वर्षं सांभाळून ठेवली. विकायला नव्हे. त्या दिवशी मी साडी दिली, तेव्हा तुम्ही मला पुन्हा पुन्हा विचारलंत, कापायचीच का? मला वाटलं धंद्याची रीत असेल."

 चंपाबाईंचा अंगठा गोधडीवरच्या धावदोऱ्यावरून मागेपुढे फिरत होता.

"माझ्या आईचं इरकल माळ्यावर आहे," स्नेहल म्हणाली. "रेघेच्या वर. या गावात जपायची वस्तू दुसरीकडे कुणी ठेवणारच नाही."

६

चंपाबाईंनी स्टूल ओढलं आणि चढल्या. स्नेहलने नकळत पुढे होऊन स्टूल धरलं. पडतील, हीच भीती आधी आली. रागाचं नंतर बघू.

खाली आलेलं बोचकं धुतलेल्या पांढऱ्या धोतरात बांधलेलं होतं. आत हिरवं इरकल, घडी न मोडलेलं. पिवळं रफू वरच दिसत होतं, तुळशीच्या पानाएवढं.

"माज्या आयशीची पण अशीच हुती," चंपाबाई म्हणाल्या. "हिरवी, लाल काठ. माझ्या लग्नात नेसली ती. त्या साली पाणी आलं तवा मी म्हाताऱ्याला वर चढवला, तांदूळ वर चढवले. पेटी खाली राह्यली. पाणी उतरल्यावर उघडली, तर..." त्यांनी मांडीवरची गोधडी मुठीत धरली. "किती धुतली. नदीवर न्हेली, साबण, रिठा, सगळं केलं. मग तू आलीस. तीच साडी, जशीच्या तशी, न बुडालेली. आणि म्हणतेस कापा. माझ्याकडनं कात्री लावंना गो."

"म्हणून तुमची दिलीत."

"गोधडीत गेल्यावर कोण वळखणार, वाटलं. पोरीला आयशीचीच साडी मिळंल. तुझ्या नसंल, माझ्या. मी काय वाईट नाय केलं, असं रोज म्हणत हुते."

 आईची साडी नाकाशी धरावी आणि निघून जावं, एवढंच स्नेहलला वाटत होतं. हर्षद गल्लीच्या तोंडाशी गाडी काढून उभा होता. उजेडात घाट चढून झाला असता.

पण तिला ओटीवर आपटलेलं सूप आठवलं.

"मावशी, तुमचं दुःख मला कळतं. साडी बदललीत, तेही मी सोडून देईन. पण काल सुनील त्या बाईला चोर म्हणाला, तेव्हा तुम्ही चष्मा पुसत बसलात."

चंपाबाईंची मान खाली गेली.

"तिच्या वाडीतल्या बायका आपली फडकी परत न्यायला लागल्यात. सारिका आत्ता दुकानात येईल. चला."

"सुन्याला तू सांग. मी..."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगाल, माझ्यादेखत."

स्नेहलने इरकल पिशवीत ठेवलं, सेजलला उचललं आणि दार अडवल्यासारखी उंबऱ्यात उभी राहिली. आपला आवाज कापत नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. चंपाबाईंनी पदर सारखा केला, गोधडी काखेत घेतली आणि चपला चढवल्या.

दुकानात सारिका निम्मी शिवलेली वाकळ गल्ल्यावर ठेवत होती. सुनील ती उलगडून तपासत होता.

"सुन्या, ठेव ते," चंपाबाई म्हणाल्या. आणि मग उभ्यानेच, एका दमात, सगळं सांगितलं. काहीही मागेपुढे केलं नाही. सुनीलने दोनदा "आत्या, काय बोलतेस!" म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

सांगून झालं तेव्हा सुनीलचे कान लाल झाले होते. "सारिका, सॉरी. मला काय... उद्यापासून ये तू."

सारिकाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चंपाबाईंना म्हणाली, "आत्या, काल हितं कोणकोण हुतं? तुमी चारजण. वाडीत सगळी वाडी हाय. हितं बोललात तसं तिकडं येऊन बोला. माझ्या सासूसमोर. मग मी सुई हातात घेईन, नायतर नाय."

"येते," चंपाबाई म्हणाल्या. "आताच्या गाडीनं येते."

स्नेहलने त्यांच्या काखेतली गोधडी हाताने दाबली. "ही तुमच्याकडेच राहू दे. तुमच्या आईची आहे. आता बुडाली तरी फाटणार नाही, सारिकाचा टाका आहे." मग तिने पिशवीतून आईचं इरकल काढलं आणि सारिकासमोर धरलं.

सारिका मागे सरकली. "मी नाय. चंपाआत्या बेतून देतील, त्यांच्या हातनं..."

"त्यांच्या हातून नको, दुकानातून नको. तुझ्याच हातात देतेय. तूच ने, तूच काप. रफू मधोमध."

"वयनी, तुमी जाणार पुण्याला. आणि साडी?"

"साडी तुझ्याकडे. झाली की कळव, मी येईन."

"आईची हाय ना तुमच्या? परत विचार करा."

स्नेहलने एकदाच साडीवर गाल टेकवला. सेजलनेही टेकवला, आईने केलं म्हणून, आणि काठाला थोडी लाळ लागली. ती पुसायला स्नेहलचा हात पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला. जाऊ दे बरोबर.

"केला विचार," ती म्हणाली.

स्टँडवर कापड्याची गाडी लागलेली होती. हर्षदने गाडीचं इंजिन सुरू केलं, पण स्नेहलने काच खाली करून थांबायला सांगितलं. सारिका खिडकीशी बसली होती, शेजारच्या सीटवर इरकलाचं बोचकं. चंपाबाई दाराशी चढल्या, दांडा धरून मध्येच उभ्या राहिल्या. बसायला जागा होती, मागे बरीच होती. त्या तिथेच उभ्या.

सारिका बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग, चंपाबाईंकडे न बघता, तिने बोचकं सीटवरून उचललं आणि मांडीवर घेतलं.